यादीत नसलेल्या बायका किती? महामार्गालगतच्या तालुक्यासाठी अंदाजाच्या चार पद्धती

तालुक्यात देहविक्री करणाऱ्या बायका किती, याचं रजिस्टर कुठेच नसतं. तरी कंडोमचा साठा, तपासणी शिबिरं, पिअर ताईंची (याच बायकांमधून निवडलेल्या, इतरांपर्यंत पोचणाऱ्या कार्यकर्त्यांची) नेमणूक हे सगळं त्याच आकड्यावर ठरतं. साठ बायकांमागे एक पिअर धरली, तर दीडशेला तीन लागतात आणि तीनशेला पाच. नागपूर-हैदराबाद महामार्गावर हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा अशा पट्ट्यात काम उभं करायचं असेल, तर पद्धत निवडण्याआधी एक ठरवा: आकडा साठ्यासाठी हवाय की जागा शोधायला? जागा शोधायची असेल तर मॅपिंगला पर्याय नाही.

मॅपिंग म्हणजे ढाबे, ट्रक थांबे, एसटी स्टँड, आठवडी बाजार पायी फिरायचे आणि पानठेलेवाले, ऑटोवाले, ढाब्यावरची पोरं यांना विचारायचं: एरवी किती असतात, बाजाराच्या दिवशी किती? स्वस्त काम आहे, पिअर ताईंनाही ते जमतं. पण सोमवारी एका बाजारात आणि गुरुवारी दुसऱ्या बाजारात बसणारी बाई दोनदा मोजली जाते, तर घरून फोनवर गिऱ्हाईक ठरवणारी एकदाही मोजली जात नाही. या दोन चुका एकमेकींना फेडतात, असं अहवालात खुशाल लिहिलं जातं. तसं मानायला काही आधार नसतो.

दोन फेऱ्यांची पद्धत, म्हणजे कॅप्चर-रिकॅप्चर, मला या भागासाठी सगळ्यात कामाची वाटते. माणसांच्या नोंदींसाठी ती आपल्याकडे फार पूर्वी वापरली गेली आहे: सी. चंद्रशेखरन आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ साली कोलकात्याजवळच्या सिंगूरमधल्या जन्म-मृत्यूच्या दोन याद्या ताडून, दोन्हींतून सुटलेल्या नोंदी किती याचा हिशेब मांडला. आपल्या कामात यादीऐवजी वस्तू वापरायची. समजा पहिल्या फेरीत ६० जणींना एका खास रंगाचा छोटा आरसा दिला. पुढच्या आठवड्यात ५० भेटल्या, त्यांतल्या १५ जणींकडे तो आरसा निघाला. पन्नासांत पंधरा, तर एकूणांत साठ, याच प्रमाणाने: साठ गुणिले पन्नास भागिले पंधरा, म्हणजे २००. छोट्या संख्यांसाठीची चॅपमनची दुरुस्ती लावली तर १९३. पण खरी मेख पुढे आहे: ९५ टक्के खात्रीचा पल्ला साधारण १२७ ते २५९ येतो. वर फक्त १९३ पाठवला, तर वाचणाऱ्याला तो मोजलेला आकडा वाटेल.

वस्तू निवडणं हेच निम्मं काम. टिकलीचं पाकीट नको, ते कुठल्याही दुकानात मिळतं. घरच्यांनी ‘हे कुठून आणलं?’ असं विचारावं, अशी चीजही नको. दुसरी फेरी वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वेळी करायची. त्याच ताई त्याच ओळखीच्या बायकांकडे गेल्या, तर आरसे जास्त निघतात आणि अंदाज खाली येतो. दोन फेऱ्यांत महिन्याचं अंतर नको. दिवाळीनंतर कापूस वेचणीला बायका गावोगाव हलतात. गट स्थिर राहिला नाही, तर गणित हवेत जातं.

हाताशी रजिस्टर असेल, तर मल्टिप्लायर पद्धत स्वस्त पडते. समजा सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांवरच्या सरकारी दवाखान्यात) तीन महिन्यांत ९० जणी आल्या. वेगळ्या सर्वेक्षणात ३० टक्के बायकांनी त्या तीन महिन्यांत तिथे गेल्याचं सांगितलं. नव्वद भागिले शून्य दशांश तीन, म्हणजे ३००. कागदावर सोपं. प्रत्यक्षात ओळख निघू नये म्हणून तालुक्यातली बाई नागपूर किंवा चंद्रपूर गाठते, शेजारच्या तालुक्यातली इथे येते आणि दोघीही नाव खोटं सांगतात. रजिस्टरमध्ये एकीच्या दोन नोंदी होतात. भाग, मुदत आणि ‘कोणाला धरायचं’ ही व्याख्या दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळत नसेल, तर हा भागाकार करूच नये.

नेटवर्क स्केल-अप मात्र या कामासाठी मी घेणार नाही. त्यात बायकांना शोधायचंच नसतं. सामान्य माणसाला विचारायचं की तुमच्या ओळखीत अशा किती जणी आहेत, आणि त्याच्या ओळखींच्या एकूण संख्येवरून तालुक्याचा अंदाज काढायचा. मेक्सिको सिटीतल्या १९८५ च्या भूकंपात किती बळी गेले, या प्रश्नातून रसेल बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी ही वाट काढली. भूकंपात कोण गेलं हे लोकांना ठाऊक असतं. शेजारीण काय करते, हे तिने लपवलेलं असतं. शिवाय आपल्या गावात ओळखी वस्तीप्रमाणे वाटलेल्या: मुख्य गावातल्या माणसाला कोलाम पोडावरचं (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचं) काहीच माहीत नसतं. वर्धा किंवा गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यात पिणाऱ्यांचा अंदाज काढायचा असता, तर मी हीच पद्धत आधी घेतली असती. दुसऱ्याच्या पिण्याबद्दल लोक सढळपणे बोलतात.

कूपन देऊन साखळीने माणसं आणण्याची रीत, म्हणजे डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेलं आरडीएस (रिस्पॉन्डंट-ड्रिव्हन सॅम्पलिंग), मुळात आकड्यासाठी नाही. मल्टिप्लायरला लागणारी टक्केवारी मात्र त्यातून चांगली मिळते. शहरात चालते. गावाकडे फोनवरच्या बायका एकमेकींना ओळखतच नाहीत, त्यांना जोडणारा दलाल असतो. कूपन त्याच्या हाती गेलं की साखळी त्याची.

एकाच कामापुरता पैसा असेल, तर कापूस वेचणीचा हंगाम सुरू होण्याआधी मॅपिंग करा. थोडा जास्त असेल, तर त्याच जागांवर आरशाच्या दोन फेऱ्या जोडा. फोनवरच्या बायका तरीही सुटतील. म्हणून येणारा पल्ला फक्त ‘जागेवर भेटणाऱ्यां’साठी आहे, हे पहिल्याच ओळीत लिहा. पिअर ताई खालच्या टोकाप्रमाणे नेमा, त्या नंतर वाढवता येतात. कंडोमची मागणी वरच्या टोकाप्रमाणे करा, कारण संपलेला साठा आठवड्यात येत नाही. जागांचा नकाशा पोलिसांच्या बैठकीत ठेवू नका. बायकांची नावं तर मुळात लिहूनच घ्यायची नाहीत.