हेडीस: पाताळात काही महिने काढल्यानंतरचा अनुभव

या गेमवर पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या रिव्ह्यूंना फारसा अर्थ नाही, कारण पहिल्या आठवड्यात तुम्ही फक्त मरता. खरा गेम त्यानंतर सुरू होतो. म्हणून मुद्दाम थांबलो. मुख्य कथा संपली, एपिलॉग पाहून झाला, सहाही शस्त्रं हातात बसली, आता लिहायला हरकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुपरजायंट गेम्स हा सॅन फ्रान्सिस्कोचा छोटा स्टुडिओ. हेडीस डिसेंबर २०१८ मध्ये अर्ली अॅक्सेसला, म्हणजे अपुरा असतानाच विक्रीला, आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाला. २०२१ साली त्याला विज्ञानकथा-कल्पितकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तोवर तो कुठल्याच व्हिडिओ गेमला मिळाला नव्हता. तुम्ही झॅग्रियस, म्हणजे पाताळाचा राजा हेडीस याचा मुलगा. घर सोडून वर पृथ्वीवर पळायचं आहे. वाटेत टार्टरस, मग लाव्हाने भरलेलं अॅस्फोडेल, मग वीरांचा स्वर्ग इलिसियम, शेवटी स्टिक्सचं मंदिर. मेलात की रक्ताच्या कुंडातून थेट घरी, वडिलांच्या टेबलासमोर. खोल्यांचा क्रम आणि मिळणाऱ्या शक्ती दर वेळी बदलतात.

ग्रीक देव गेममध्ये नवे नाहीत. 'गॉड ऑफ वॉर'च्या तिसऱ्या भागात (२०१०) हेलिओसचं मुंडकं उपटून टॉर्चसारखं वापरायचं, हर्मिसचे पाय तोडून त्याचे बूट पळवायचे. मजा येते, नाही म्हणत नाही. पण तिथे देव म्हणजे एकेक तगडा बॉस. इथे ऑलिम्पसवाले तुमचे नातेवाईक आहेत. झ्यूस आणि पोसायडन काका, अथीना, एरीझ, आर्टेमिस, डायोनायसस ही चुलत भावंडं. सगळे ऑलिम्पसवरून तुम्हाला वर, म्हणजे वरदानं, पाठवतात आणि सगळ्यांचा एकमेकांवर थोडा थोडा राग आहे. एखाद्या खोलीत दोन देवांपैकी एकाचाच वर आधी घ्यावा लागतो. मग दुसरा रुसतो आणि ती खोली संपेपर्यंत तुमच्यावरच हल्ला करतो. शेवटी समजूत पटल्यासारखा स्वतःचा वरही देऊन जातो. आपल्याकडच्या लग्नात पहिली पत्रिका कोणाला दिली यावरून होतं तेच.

वरांची रचना पुराणकथेशी किती घट्ट बांधली आहे हे हळूहळू कळत गेलं. एरीझचा शाप काही क्षणांनी एकदाच घाव घालतो, अॅफ्रोडाइटी शत्रूला दुबळं करते. दोघांचे वर एकत्र जमले तर त्यांचा एक जोडवर मिळू शकतो. मग दुबळ्या झालेल्या शत्रूवर एरीझचा घाव पुन्हा पुन्हा पडत राहतो. मूळ कथांमध्ये या दोघांचं लफडं प्रसिद्धच आहे. शस्त्रांचंही तसंच. टायटनांना, म्हणजे देवांच्या आधीच्या पिढीला, हरवताना देवांनी वापरलेली हीच शस्त्रं असं गेम सांगतो, आणि त्यातली चक्क बंदूक कोणाची होती? चुलीची देवी हेस्टिया हिची. हा विनोद मला आजही आवडतो. नवख्यांना सल्ला विचाराल तर ढाल घ्या. फेकताही येते, मागे लपताही येतं. आणि डॅशवर, म्हणजे झटकन सरकण्याच्या चालीवर, अथीनाचा वर मिळाला तर डोळे झाकून उचला.

पण मी इतके महिने टिकलो ते लढाईमुळे नाही. ग्रीक नरकातली शिक्षा म्हणजे तेच ते काम अनंतकाळ करणं. सिसिफसची शिळा टेकडीवरून घरंगळते, डॅनेअसच्या मुलींचं गळकं भांडं भरत नाही. आणि या प्रकारचा गेम म्हणजेसुद्धा मरा आणि पहिल्यापासून सुरू करा. बाकीच्या गेममध्ये ही नुसती यंत्रणा असते, इथे तीच गोष्ट झाली आहे. दर मरणानंतर घरात कोणीतरी काहीतरी नवं बोलतं. रेकॉर्ड केलेल्या संवादांची संख्या वीस हजारांच्या वर आहे आणि ते जाणवतं. दारातला झोपेचा देव हिप्नॉस यादी वाचून तुम्ही कोणाच्या हातून मेलात ते सांगतो आणि वर अत्यंत निरुपयोगी सल्ला देतो. हरल्याची चिडचिड तिथेच अर्धी उतरते. हेडीस मात्र मान वर न करता कागदपत्रं उपसत बसलेला असतो, समोर मेलेल्यांची रांग. प्रत्यक्ष मृत्यू वेगळा, तो थॅनाटॉस. हेडीस प्रशासक. हा फरक बहुतेक सिनेमे विसरतात आणि हेडीसला सरळ सैतान करून टाकतात.

सिसिफस इथे चक्क आनंदी आहे. कोरिंथचा हा राजा, मृत्यूलाच बेड्या घालणारा, त्याने आपल्या शिळेचं नाव बोल्डी ठेवलंय. बोल्डीला अमृताची बाटली भेट देता येते. मी दिली. ऑर्फियस दरबाराचा गवई, पण गात नाही. त्याची बायको युरिडिसी अॅस्फोडेलमध्ये एकटी स्वयंपाक करते. तिला पाताळातून परत नेताना मागे वळून पाहायचं नाही अशी अट होती, आणि यानं पाहिलं यावर ती अजून वैतागलेली आहे. ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलीस घरात पहारा देतो, त्याचा जिवलग पॅट्रोक्लस इलिसियममध्ये नदीकाठी उदास बसलेला. इलिसियम पॅट्रोक्लसला मिळावं म्हणून अकिलीसने स्वतःची जागा सोडली, हे कळायला मला बरेच आठवडे लागले. आणि ते एका कटसीनमध्ये कळत नाही, दर फेरीत दोन वाक्यं, कधी एकच, असं झिरपत येतं.

सगळ्यात हुशारी झॅग्रियसच्या बाबतीत. ऑर्फिक परंपरेत, म्हणजे ऑर्फियसच्या नावाने चाललेल्या प्राचीन ग्रीक पंथात, झॅग्रियस म्हणजे टायटनांनी फाडलेला पहिला डायोनायसस. काही जुन्या ग्रीक तुकड्यांत मात्र तो हेडीसचा मुलगा आहे. गेमने दुसरी बाजू धरली. मग पहिलीचं काय? झॅग्रियस आणि डायोनायसस मिळून ऑर्फियसला थाप मारतात की आम्ही दोघं एकच. तो बिचारा खरं मानून त्यावर गाणं रचतो. एक अख्खा धर्मपंथ थट्टेतून निघाला, असं सुचवायला हिंमत लागते.

आता तक्रारी. झॅग्रियसची आई पर्सेफनी हिच्या कथेत गेमने सोय पाहिली आहे. पर्सेफनीची आई डिमीटर हिच्या प्राचीन स्तोत्रात हेडीस तिला झ्यूसच्या संमतीने पळवून नेतो आणि ती ओरडत असते. इथे ती आधीच ऑलिम्पसला कंटाळलेली, म्हणजे अपहरणाचा डाग बराचसा धुतला गेला. कौटुंबिक गोष्ट गोड व्हावी म्हणून केलं हे समजतं, पण इतक्या धीट लेखनात ही जागा मला मऊ वाटली. डिमीटरचा हिवाळा मात्र जबरदस्त जमलाय. पहिल्यांदा वर पोचल्यावर जी थंडगार पांढरी पृथ्वी दिसते, तिचं कारण नंतर कळतं.

स्टिक्सच्या मंदिराचा मला कंटाळा आहे. पाच बोगदे, त्यातल्या एकात वाट अडवणारा कुत्रा सर्बेरस याला द्यायची पिशवी, आणि सगळीकडे विषारी उंदीर. विष चढलं की बरं होण्यासाठी कुंडापर्यंत पळायचं. नशीब खराब असेल तर पिशवी शेवटच्या बोगद्यात. एवढी छान चाललेली फेरी तिथे रेंगाळते. इलिसियमचा बॉस थीसियस याच्याबद्दल काय बोलू? तो मुद्दाम असह्य लिहिलाय, आणि त्याच्याशेजारी मिनोटॉर अॅस्टेरियस सगळ्यात सभ्य. आखाडा, ओरडणारं पब्लिक हे मला ग्रीसपेक्षा रोमन ग्लॅडिएटरांकडे झुकलेलं वाटतं. बाकी गेममध्ये ज्युपिटर-नेपच्यून अशा रोमन नावांची सरमिसळ नाही, हे बरंय.

भाषेचं सांगायला हवं. मराठी सोडा, हिंदी सबटायटलसुद्धा नाहीत. इंग्रजी जरा भारदस्त आहे आणि लढाईच्या मध्येच लोक बोलतात, त्यामुळे अर्धं निसटतं. धाकट्या भावाला शेजारी बसवलं तेव्हा मलाच दुभाषी व्हावं लागलं. गेम जुन्या लॅपटॉपवर मात्र लोण्यासारखा चालतो. माझ्या कंट्रोलरची डावी स्टिक एवढ्या डॅशमध्ये ढिली झाली आणि कंपनीने वॉरंटीच्या नावाने हात वर केले, पण तो दोष गेमचा नाही.

ज्यांना लढाई झेपत नाही त्यांनी सेटिंगमध्ये गॉड मोड लावावा. सुरुवातीला २० टक्के नुकसान कमी होतं, दर मरणाला आणखी २ टक्के, ८० पर्यंत. कथा तीच, संवाद तेच, कोणी हिणवत नाही. श्रेयनामावली दिसायला दहा वेळा सुटका करावी लागते, तेव्हा लाज बाळगू नका. एपिलॉगनंतर संवाद हळूहळू आटतात आणि मग फक्त कठीण पातळ्या वाढवत बसायचं. माझी गाडी तिथे थांबली.

दुसरा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये अर्ली अॅक्सेसमधून बाहेर आला. त्यात नायिका झॅग्रियसची बहीण मेलिनोई, गुरू हेकटी, शत्रू आजोबा क्रोनोस. पहिला न खेळता तिकडे गेलात तर घरातली निम्मी भांडणं डोक्यावरून जातील. पहिला आता सेलमध्ये अनेकदा स्वस्त मिळतो, तेव्हाच उचला.