इलेक्ट्रॉनिक वर्क परमिट: डिस्टिलरीत वापरल्यानंतरचा अनुभव

आमची डिस्टिलरी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याची. वर्क परमिट म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्याआधी घ्यायची लेखी परवानगी. गेल्या सीझनच्या तोंडावर त्याचं कागदी परमिट बुक बंद करून टॅबलेटवरची सिस्टीम घेतली. सीझन संपला, ऑफ-सीझनच्या मेंटेनन्सची धांदलही उरकली, तेव्हा आता खात्रीने लिहितो.

सगळ्यात मोठा फायदा पाळी बदलताना दिसतो. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता, ते परमिट रात्रपाळीच्या नजरेस पडलंच नाही आणि पंप सुरू झाला. आता आमच्या इनचार्जला उघडी, म्हणजे काम अजून संपलेलं नाही अशी परमिटं बघितल्याशिवाय चार्जच घेता येत नाही. स्पिरिट ट्रान्सफर चालू असताना शेजारी कुणी वेल्डिंग मागितलं, तर तिथेच अडतं.

फर्मेंटरमध्ये, म्हणजे मळी आंबवायच्या टाकीत, माणूस उतरवायचा असेल तेव्हा तर मला हीच सिस्टीम हवी. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो. मॅनहोलपाशी मीटर ऑक्सिजन २०.९ टक्के दाखवतो. दोरीने खाली सोडला की आकडा उतरायला लागतो. कागदावर एकच आकडा लिहून भागायचं. इथे वरचा, मधला, तळाचा असे तिन्ही भरावे लागतात, आणि एकही १९.५ च्या खाली असला की परमिट पुढे सरकत नाही.

एक खोट मात्र गंभीर होती. मंजुरी केबिनमध्ये बसून देता यायची. "साहेब, बारका टाका मारायचाय, तिथूनच ओके करा की," असे फोन यायला लागले. मग आम्ही हट्टाने प्रत्येक टाकीवर क्यूआर कोडची पाटी लावून घेतली. जागेवर जाऊन स्कॅन केल्याशिवाय सही होत नाही. सिस्टीम देणाऱ्या कंपनीने त्याचे वेगळे पैसे लावले, ते मला पटलेलं नाही. ही सोय मुळातच हवी.

खर्चाचं आणखी एक: स्पिरिटच्या भागात साधा मोबाइल चालत नाही, ठिणगी न पडणारा खास टॅबलेट लागतो. तो बराच महाग पडतो, बजेटमध्ये आधीच धरा. मळीच्या टाक्यांमागे रेंज जाते, पण नोंद ऑफलाइन राहते. कंत्राटदाराच्या माणसांसाठी मराठी आणि हिंदी फॉर्म करून घेतले, तेव्हापासून ती स्वतः वाचून प्रश्न विचारतात.

मीटरचे आकडे अजून हातानेच भरावे लागतात. ते मीटरमधून थेट यावेत ही मागणी कंपनीकडे दिली आहे. ती पुरी झाली की इथेच कळवतो.