आठ दिवसांत निकाल देणारं सॉफ्ट अगार किट: माझे पाचपैकी तीन तारे

पेशी कर्करोगासारख्या बेबंद वाढू लागल्या आहेत का, हे त्यांना अगार या जेलीसारख्या पदार्थात वाढवून तपासायचं हे किट. आधी चांगलं सांगते. या किटचा अगार ३७ अंशांनाही पातळ राहतो आणि प्लेट फ्रिजमध्ये ठेवली की गोठतो. ज्यांनी घरचा अगार वॉटर बाथमधून काढून धावतपळत ओतलाय, त्यांनाच याचं मोल कळेल. जरा उशीर झाला की गुठळ्या, जरा घाई केली की पेशी उकडल्या! इथे तसं काहीच झालं नाही.

आता कुरकुर. माझं काम एसव्ही४० विषाणू आणि उंदराच्या ३टी३ पेशींवर. उंदराच्या पेशीत या विषाणूची वाढ होत नाही, त्यामुळे पेशी मरत नाही. विषाणूचं टी-अँटिजेन हे प्रथिन मात्र आत तयार होतं, पी५३ आणि आरबी या विभाजनाला लगाम घालणाऱ्या दोन्ही राखणदार प्रथिनांना धरून बसतं आणि पेशी विभागत सुटते. साधी ३टी३ अगारात अधांतरी ठेवली तर ढिम्म हलत नाही. विषाणूने अशी बदललेली पेशी मात्र तिथेही विभागत राहून कॉलनी, म्हणजे पेशींचा पुंजका, करते. १९६४ मध्ये मॅकफर्सन आणि माँतानिए या संशोधकांनी पॉलिओमा विषाणू आणि हॅम्स्टरच्या पेशी घेऊन बसवलेली परीक्षा ती हीच.

गोम अशी की विषाणू शिरलेल्या बहुतेक पेशींचं बंड चार दिवसांचंच असतं. विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत कायमचा जोडला गेला नाही, तर काही विभाजनांनंतर तो हरवतो आणि पेशी पुन्हा शहाण्यासारखी वागू लागते. स्टोकर या संशोधकांनी पॉलिओमाच्या बाबतीत हे १९६८ मध्येच दाखवलं होतं. किट मात्र आठव्या दिवशी अगार विरघळवून, पेशी फोडून, डीएनएला चिकटणाऱ्या रंगाची चमक मोजतं. त्या चमकेत टिकाऊ बंडखोर कोण आणि हौशी कोण, कसं कळणार? माझा आकडा झकास आला. शंका होती म्हणून सोबत जुन्या पद्धतीच्या प्लेटाही लावल्या होत्या. तीन आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर खऱ्या मोठ्या कॉलन्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळे वाढ थांबलेले बारके पुंजके. माहितीपत्रकात याबद्दल अवाक्षर नाही.

आधीच पक्क्या बदललेल्या पेशींवर औषधं तपासायची असतील तर खुशाल घ्या, वेळ वाचेल. मी उरलेला अगार वापरतेय, रंगाची बाटली तशीच पडून आहे.