चोरीला गेलेल्या फोनचं कुलूप मीच उघडून दिलं

माझा फोन गेला दादरला, संध्याकाळच्या गर्दीत. लेडीज डब्यात चढताना पर्सची चेन अर्धी उघडी राहिली असावी. कुर्ला आल्यावर हात घातला तर फोन नाही. हे मुंबईत रोज कोणाच्या ना कोणाच्या नशिबी येतं. रेल्वे पोलिसांत तक्रार दिली, सिम बंद केलं, बँकेला कळवून यूपीआय थांबवलं. मुलाने घरच्या लॅपटॉपवरून माझ्या ॲपल आयडीने लॉग-इन करून आयफोन 'लॉस्ट मोड'वर, म्हणजे हरवलेला फोन दुरूनच कुलूपबंद करायच्या सोयीवर, टाकला आणि पडद्यावर निरोप ठेवला : फोन हरवला आहे, सापडल्यास या नंबरवर कळवा. खाली ह्यांचा नंबर. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

मी फसले ती बाराव्या दिवशी. आणि मला त्याच दिवसाबद्दल सांगायचंय, कारण फोन कसा सांभाळावा हे सगळे सांगतात, पण तो गेल्यानंतर काय होतं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

रात्री जेवणं उरकली होती. ह्यांच्या व्हॉट्सॲपवर मेसेज आला. नाव 'ॲपल सपोर्ट', फोटोच्या जागी चावलेलं सफरचंद. मजकूर इंग्रजीत : तुमचा आयफोन १३, निळा, १२८ जीबी, आज रात्री ९.४० ला चालू झाला आहे. सध्याचं ठिकाण पाहण्यासाठी खाली क्लिक करा, लिंक २४ तासच चालेल. निळा! १२८ जीबी! एवढं ॲपलशिवाय कोणाला माहीत असणार, असंच वाटलं मला. फोन ज्याच्या हातात आहे त्याला तो निळा दिसतोच, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. आणि नंबर तर आम्हीच पडद्यावर लिहून दिला होता.

हे म्हणाले, "सकाळी मुलाला विचारू." मला धीर नव्हता. फोनचे सात हप्ते अजून फेडायचे होते. मी लिंक उघडली. नकाशा दिसला, धूसर, त्यावर एक निळा ठिपका, आणि 'ठिकाण स्पष्ट पाहण्यासाठी साइन इन करा.' आयडी टाकला, पासवर्ड टाकला. ओटीपी मागितला नाही, म्हणून उलट बरंच वाटलं, कारण ओटीपी कोणाला द्यायचा नाही एवढं आपल्या मनावर पक्कं बिंबलंय. मग पुढचं पान आलं : फोनचा सहा आकडी पासकोड टाका. तिथे मात्र हात थांबला. नकाशा बघायला पासकोड कशाला?

मुलाला फोन लावला. "अगं आई, पत्ता वाच मला, अक्षर न् अक्षर." मी वाचू लागले. ॲपलच्या साइटचं 'आयक्लाउड' हे नाव होतं, पण त्याला आडवी रेघ, मग 'फाइंड', मग आणखी काहीतरी, आणि शेवटी डॉट कॉमसुद्धा नव्हतं. तो गप्प झाला. नंतर एवढंच म्हणाला, "आधी पासवर्ड बदल." लॅपटॉप उघडेपर्यंत ईमेल येऊन पडला होता : तुमच्या आयफोनवरचं 'फाइंड माय', म्हणजे फोन शोधायची सोय, बंद करण्यात आलं आहे. ॲपल खात्यातल्या यादीतून माझा फोन गेलेला. हा ईमेल मात्र खरा होता.

नंतर मुलाने सगळं समजावलं. २०१३ पासून आयफोनला 'ॲक्टिव्हेशन लॉक' आहे. फोन पूर्ण पुसला तरी मालकाच्या आयडी-पासवर्डशिवाय तो नव्याने चालू होत नाही. असा फोन चोराने विकायचा तर फक्त सुट्या भागांच्या भावात. कुलूप निघालं की त्याची किंमत चांगल्या सेकंडहँड फोनची. म्हणून ते मालकाला गाठतात. आणि हरवलेला फोन शोधायचं खरं पान ओटीपीशिवाय उघडतं, कारण ओटीपी ज्या फोनवर येणार तोच गेलेला असतो. मुलाने पहिल्या दिवशी लॉग-इन केलं तेव्हाही ओटीपी लागला नव्हता, हे मी शेजारी बसून पाहिलं होतं. तीच सोय चोराच्या कामी आली. खरं ठिकाण बघायला तो लॅपटॉप तेव्हाही टेबलावरच होता, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

पासकोड दिला नाही म्हणून फोनमधलं बाकी वाचलं. तो दिला असता तर फोटो, मेल, बँकेची ॲप्स, सगळंच त्यांच्यापुढे उघडं पडलं असतं.

ज्यांचा फोन नुकताच गेलाय त्यांना कळकळीने सांगते. फोन सापडल्याची खबर ॲपल व्हॉट्सॲपवर देत नाही. कोणतीही लिंक दाबू नका. आयक्लाउड डॉट कॉम स्वतः टाइप करा आणि तिथे बघा. लिंक दाबली नाही तर काही जणांना पोलीस किंवा सर्व्हिस सेंटरच्या नावाने फोन येतात, 'फोन परत हवा तर तो खात्यातून काढून टाका' म्हणतात. काढू नका, कितीही महिने झाले तरी. पडद्यावर नंबर ठेवलाच असेल, तर तो ज्याचा आहे त्याला हे सगळं आधीच सांगून ठेवा. मी ह्यांना सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

अँड्रॉइड असो वा आयफोन, केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या वेबसाइटवर आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लगेच ब्लॉक करा. त्याला पोलीस तक्रारीची प्रत आणि फोनचं बिल जवळ लागतं, आयएमईआय खोक्यावर छापलेला असतो. मी हे 'नवं सिम आल्यावर करू' म्हणत बारा दिवस पुढे ढकललं. पासवर्ड देऊन बसला असाल तर तो त्याच मिनिटाला बदला, तोच पासवर्ड दुसरीकडे असेल तर तिथेही, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, सकाळची वाट बघू नका.

ह्यांच्या नंबरवर अजूनही अधूनमधून मेसेज येतात. आता त्यात फोनचा रंग चुकीचा असतो.