घरातला स्पायरोमीटर: सिस्टिक फायब्रोसिससाठी दूरस्थ देखरेख सेवा

इंग्लंडमधील सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत चिकट कफ साठवणारा आनुवंशिक आजार) केंद्राने माझ्या मुलीला दिलेली ही सेवा म्हणजे तळहातावर मावणारा ब्लूटूथ स्पायरोमीटर, म्हणजे फुप्फुसांची क्षमता मोजणारे उपकरण, आणि त्याला जोडलेले मोबाइल ॲप. पूर्ण श्वास घेऊन नळीत जोराने फुंकले की पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, म्हणजेच एफईव्ही-१, हा आकडा थेट केंद्राकडे जातो. या आजाराच्या रुग्णांनी एकमेकांच्या सहवासात येणे टाळायचे असते, कारण स्यूडोमोनाससारखे जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. त्यामुळे बाह्यरुग्ण विभागातील एखादी फेरी टळली तर केवळ प्रवास वाचतो असे नाही. रुग्णालयात शेजारी उभे राहून ‘अजून, अजून’ म्हणणारा तंत्रज्ञ मात्र घरी नसतो, आणि अर्धवट फुंकरीमुळे आकडा विनाकारण घसरलेला दिसतो. म्हणून व्हिडिओ कॉलवर फिजिओथेरपिस्टसमोर फुंकण्याची सोय मला सर्वांत मोलाची वाटली. ॲपमधील आलेख गिचमिड आहेत. थुंकीचा नमुना तरीही टपालानेच पाठवावा लागतो. रोज मोजण्याचा आग्रह धरला तर किशोरवयीन मुले कंटाळतात (आणि का कंटाळू नयेत?), आमच्या केंद्राने आठवड्यातून एकदा, आणि खोकला वाढताच लगेच, असे ठरवून दिल्यापासून नोंदी नियमित होऊ लागल्या.