हे-ऑन-वाय : एक दिवस, साडेचार किलो

आमच्या घरात ‘हे’ म्हटलं की ते एकच. त्यामुळे लेकीने फोनवर “आई, या वेळी तुला हे दाखवायचंय” म्हटलं तेव्हा दोन मिनिटं नुसता घोळ झाला. वेल्स आणि इंग्लंडच्या शिवेवर, वाय नदीच्या काठी हे ‘हे’ नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम दोन हजारांच्या आतबाहेर आणि पुस्तकांची दुकानं वीसेक. मी सातारची, भिलार माझ्यापासून दीड तासावर. ‘पुस्तकांचं गाव’ ही कल्पना आपल्याकडे २०१७ साली ज्या गावावरून आली ते हेच. मग मूळ बघायलाच हवं होतं.

लेक बर्मिंगहॅमला असते. तिथून हेरफर्डपर्यंत आगगाडी आणि पुढे तासाभराची बस. हेला पूर्वी रेल्वे होती, ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. रिचर्ड बूथ नावाच्या इथल्याच तरुणाने जुन्या अग्निशमन केंद्रात पहिलं जुन्या पुस्तकांचं दुकान थाटलं तेही त्याच सुमारास. रेल्वे गेलेल्या गावात माणसं येणार कशाला, या प्रश्नाचं त्याने काढलेलं उत्तर म्हणजे पुस्तकं. अमेरिकेतली बंद पडणारी ग्रंथालयंच्या ग्रंथालयं विकत घेऊन त्याने ती जहाजाने इकडे आणली. १ एप्रिल १९७७ला त्याने हे स्वतंत्र राज्य झाल्याचं जाहीर केलं, स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि घोड्याला पंतप्रधान केलं. तारीख बघूनच समजायचं. पण वर्तमानपत्रांनी ते छापलं आणि गिऱ्हाईक धावलं. २०१९ला हा राजा वारला.

जाताना गाडीत वाचायला ब्रूस चॅटविनची ‘ऑन द ब्लॅक हिल’ घेतली होती. याच डोंगराळ भागातली, जुळ्या भावांची कादंबरी. बेचाळीस वर्षं हे दोघे आईवडिलांच्या पलंगावर शेजारी शेजारी झोपतात, हे पहिल्याच वाक्यात. आणि त्यांच्या घराचा जिना असा की त्याच्या मधोमधून दोन परगण्यांची हद्द जाते म्हणतात. पुण्यात बसून वाचली असती तर मला ती संथ वाटली असती. बसच्या खिडकीतून तीच कुंपणं, ओल्या लोकरीच्या त्याच मेंढ्या, रस्त्यावर पांढऱ्या रंगात ‘अराफ’ असं लिहिलेलं (वेल्शमध्ये ‘हळू’), तेव्हा पुस्तक वाचायचं की बाहेर बघायचं हेच कळेना. सीमेवरच्या बेळगावातल्या माझ्या मावशीच्या घराची आठवण झाली. तिथेही दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा आधी यावरून महाभारत होतं.

आता दुकानं. बूथच्या नावाचं मोठं दुकान लायन स्ट्रीटवर आहे. नव्या मालकीत ते छान उजळवलंय. लाकडी जिने, बसायला कोच, आत छोटं सिनेमागृह, कॅफे. पुस्तकं स्वच्छ, विषयवार, एकाही कपाटावर धूळ नाही. मला मात्र तिथे दर्शनाच्या रांगेत उभं राहिल्यासारखं वाटलं. लोक पुस्तकांपेक्षा जिन्याचे फोटो जास्त काढत होते. किंमतीही त्या जिन्याला साजेशा.

माझा जीव रमला तो सिनेमा बुकशॉपमध्ये. जुन्या चित्रपटगृहात थाटलेलं, गोदामासारखं अवाढव्य दुकान. सातारच्या आमच्या जुन्या ग्रंथालयात तळाच्या फळीसाठी उकिडवं बसावं लागायचं, तसंच इथे. भारताच्या कपाटाशी मी पाऊण तास होते. शिकारीच्या आठवणी, मॅडमसाहेबांच्या रोजनिशा, रेल्वेवरची पुस्तकं आणि त्यात ग्रँट डफ! हा गृहस्थ १८१८पासून चार वर्षं आमच्या साताऱ्यात कंपनीचा अधिकारी होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत निघाला. समोर होती ती ऑक्सफर्डने १९२१ला काढलेली दोन खंडांची आवृत्ती. पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली किंमत बघितली, मनात शंभराच्या पाढ्यावर थोडे आणखी धरून गुणाकार केला आणि दोन्ही खंड होते तसे ठेवले. सातारच्या बाईने सातारचा इतिहास वेल्समधून पौंड मोजून न्यायचा, हे पचलं नाही. (खोटं कशाला बोलू, परत एकदा जाऊन बघून आले.)

‘पोएट्री बुकशॉप’मध्ये फक्त कविता. मी कोलटकरांची ‘जेजुरी’ विचारली. बूथ राजा झाला त्याच १९७७ साली तिला राष्ट्रकुलाचा कवितेचा पुरस्कार मिळाला होता, तेव्हा हक्काने विचारलं. नव्हती. पण विचारल्यावर दुकानदाराने नाव वहीत लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा तपासून. फळीवर असती तर एवढा आनंद झाला नसता.

एका दुकानाचं नाव घेत नाही. तिथे दाराशीच पाटी होती, पिशव्या बाहेर ठेवा. ठेवली. आत पाचच मिनिटं पान उलटत होते तर मागून “काही विशिष्ट हवंय का?” असा आवाज आला. दर दोन मिनिटांनी तोच प्रश्न. पुस्तक चाळल्याशिवाय विशिष्ट काय हवंय ते मला तरी कसं कळणार? काही न घेता निघाले.

किल्ल्याच्या आवारात उघड्यावर फळ्या मांडलेल्या आहेत, तिथे दुकानदारच नाही. पाटीवरचा भाव बघायचा, पैसे पेटीत टाकायचे. कल्पना मोठी गोड. पण पाऊस वेल्सचा. अर्धी पुस्तकं फुगून पुरीसारखी झालेली, उरलेल्या अर्ध्यांत जुने थरार आणि वजन कमी करण्याची पुस्तकं. तरीही तिथेच मला जे हवं होतं ते सापडलं : रेव्हरंड फ्रान्सिस किल्वर्टची डायरी, एका खंडातली निवडक.

हा किल्वर्ट १८६५ ते १८७२ इथून अडीच किलोमीटरवरच्या क्लायरो गावात धर्मोपदेशकाचा मदतनीस होता. दिवसभर म्हाताऱ्यांना भेटायचं, आजाऱ्यांच्या उशाशी बसायचं आणि रात्री सगळं लिहून ठेवायचं. १८७९ला, लग्नानंतर थोड्याच दिवसांत, अडतिसाव्या वर्षी गेला. डायरी छापायला १९३८ उजाडलं. पुढे बहुतेक मूळ वह्या घरच्यांनीच नाहीशा केल्या, हे वाचल्यावर मी तिथल्या तिथे मोठ्याने “अगं बाई” म्हटलं.

मग काय, लेकीला चहाला बसवलं आणि पुस्तक काखेत मारून पूल ओलांडून क्लायरोला चालत गेले. चर्च आहे, तो राहायचा ते घर आहे, भिंतीवर पाटी आहे. बाकी काही नाही. चर्चच्या ओट्यावर बसून आठ-दहा पानं वाचली. तो ज्या टेकड्यांबद्दल लिहितो त्या समोरच होत्या, ढगात. एक बाई कुत्रा घेऊन गेली, ‘गुड आफ्टरनून’ म्हणाली. हेची वीस दुकानं एका बाजूला आणि ही वीस मिनिटं एका बाजूला.

भिलारशी तुलना सगळे करतात, मीही केली. भिलारला पुस्तकं विकायला नाहीत. लोकांच्या घरी, ओसरीवर बसून वाचायची, आतून कुणी तरी ताक विचारतं. ‘हे’ गाव म्हणजे सरळ बाजार आहे. दुपारी चारनंतर दुकानदार घड्याळाकडे बघायला लागतात, पाच-साडेपाचला कुलपं. दिवसाउजेडी गेलात तरच उपयोग, आणि रविवारी बसच्या भरवशावर निघू नका.

खाण्याचं थोडक्यात : शेफर्ड्समध्ये मेंढीच्या दुधाचं आइस्क्रीम मिळतं. धनगरवाड्यावर मेंढीचं दूध मी लहानपणी प्यायले आहे, त्यामुळे भीत भीतच चमचा लावला. उग्र नाही, अगदी मऊ. दोन घेतले. दुपारच्या सूपबद्दल न लिहिलेलं बरं.

घरी आल्यावर वजन केलं : सात पुस्तकं, साडेचार किलो. विमानात बॅगेला तेवीस किलोंची मुभा, आणि यांनी आधीच मापं काढून ठेवलेली. त्यांचे चालायचे जाड बूट बाहेर निघाले, ते लेकीकडेच राहिले. ग्रँट डफ घेतला असता तर कोटही राहिला असता.