कोल्हापुरातल्या गंगावेशीजवळच्या जुन्या घराची ड्रेनेज लाइन बदलून घेतली, त्याबद्दल

आमचं घर सासऱ्यांनी 1964 साली बांधलेलं. परसातल्या संडास-न्हाणीपासून रस्त्याकडच्या चेंबरपर्यंत तीस फूट लाइन, सगळी चिनी मातीच्या पाइपांची. गेली दोन वर्षं पंधरा दिवसांत एकदा तरी तुंबायची. आधीचा माणूस यायचा, बांबूच्या कामट्या ढोसायचा, ॲसिड ओतायचा, पाचशे रुपये घेऊन जायचा. उकरून बघूया, असं एकदाही म्हणाला नाही. सासूबाई 82 वर्षांच्या. त्या वासात त्यांना बसावं लागलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी पेठेतल्याच एका प्लंबिंग मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी दोन ठिकाणी खणून पाहिलं. चेंबरपासून सहा फुटांवर पाइपाच्या जोडातून उंबराची मुळं आत शिरलेली. ओढून काढली तर गंगावनासारखा हातभर लांब, काळा, ओला झुपका! "वहिनी, एवढा तुकडा बदलून भागायचं न्हाई, जोड सगळेच गेल्यात," म्हणाले. मला पटलं. जुन्या पाइपांचे जोड सिमेंटचे. जमीन थोडी खचली की तडकतात, ओल मिळाली की मुळं तिकडंच धावतात.

नवीन लाइन चार इंची पीव्हीसी, जोडात रबर रिंग. खाली वाळूचा थर. उताराच्या बाबतीत मिस्त्री फार कडक. चाळीस फुटाला एक फूट, म्हणजे आमच्या तीस फुटांत नऊ इंच. पाण्याच्या नळीनं लेव्हल धरून प्रत्येक पाइपाखाली तपासलं. जास्त उतार दिला तर पाणी पुढं पळतं आणि मैला मागं राहतो, हे त्यांनी माझ्या मुलाला चरात उतरवून समजावलं. वळणावर नवं चेंबर बांधलं. 2019 आणि 2021 च्या महापुरात गटाराचं पाणी उलटं न्हाणीत आलं होतं, म्हणून शेवटच्या चेंबरमध्ये परतीचं पाणी अडवणारा व्हॉल्व्हही बसवला.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. माती लोटायच्या आधी खालचं तोंड बंद करून लाइन पाण्यानं भरली, वरच्या चेंबरमध्ये खडूनं रेघ मारली आणि चहाला बसले. तासाभरानं पाणी रेघेवरच होतं. मग सासूबाईंना हाताला धरून आणलं, "आज्जी, बघा," म्हणून दाखवलं.

काम चार दिवस ठरलं होतं, सहा लागले. खर्च मजुरीसकट 38 हजार. परसातल्या शहाबादी फरशा मात्र नीट बसल्या नाहीत, दोन डुगडुगतात. त्या परत बसवायला येतो म्हणालेत, अजून आले नाहीत. पण सात महिने झाले, एकदाही तुंबलं नाही.

कुणाला करून घ्यायचं असेल तर मिस्त्रींना मिरगाच्या आधी सांगा. पाऊस लागला की चरात पाणी भरतं आणि ते कुदळ हातात घेत नाहीत.